धाकटीचा झोत

१

माणसाला कशाचं वेड लागेल, काही सांगता येत नाही. आता हा गृहस्थ बघा. चांगला शिकलेला, संसारी, एका मुलीचा बाप. आणि वेड कसलं, तर लांब जाणाऱ्या उजेडाचं. टॉर्च बनवायचा. दुकानात टांगलेले असतात तसले नाहीत. गिऱ्हाईकाचं काम काय, त्याला किती लांबचं बघायचंय, हे विचारून एकेक हाताने जुळवलेला. लोक त्याला झोतवाला म्हणायचे. तोंडदेखलं तो "काहीतरीच काय" म्हणायचा, पण आतून सुखावायचा.

कुणी भेटलं की याची टकळी सुरू. "उजेड किती आहे हे विचारूच नका. उजेड कुठून निघतो ते विचारा. नखाएवढ्या एलईडीतून भरपूर उजेड येतो, पण सगळा आजूबाजूला सांडतो. तेवढाच तिळाएवढ्या जागेतून काढा, मग बघा कसा सुटतो!" ऐकणारा बिचारा जांभई दाबायचा.

त्याच्या बायकोला सगळे वहिनी म्हणत, म्हणून आपणही वहिनीच म्हणू. सोल्डरिंगचं काम तिच्याकडे. तिचा हात स्थिर. याचा बोलताना हलायचा, आणि हा बोलायचा कधी थांबत नसे. मुलगी शाळेत गेली की दोघं कामाला बसत. मुलगी अंगाने लहानशी, म्हणून तिला घरात पिल्लू म्हणायचे.

यावेळचं काम होतं तलावावरच्या बचाव पथकाचं. पथकप्रमुख धिप्पाड माणूस, पण त्या दिवशी स्टुलावर अगदी अंग चोरून बसला होता. "राव, समोरच्या काठाजवळ माणूस हाका मारत होता," तो म्हणाला. "आम्ही ऐकत होतो. आमचा उजेड मधेच पाण्यात संपला. होडी पोचेपर्यंत हाकाच थांबल्या." मग कितीतरी वेळ तो हातातली टोपी उलटसुलट करत राहिला.

तो गेल्यावर झोतवाला जेवला नाही नीट. पलीकडच्या काठाला पोचेल असा टॉर्च बनवायचाच, हे त्याने तिथेच ठरवलं. उजेड कमी पडला म्हणून कुणी गेलं, हे त्याच्या मनाला फार लागलं होतं.

२

टेबलावर तीन एलईडी होत्या. वहिनीने त्यांची नावंही ठेवून टाकली: थोरली, मधली, धाकटी. थोरलीच्या डोक्यावर पारदर्शक घुमट. भरपूर उजेड देणारी, पण पसरट. मधली जरा लहान. आणि धाकटी म्हणजे बोडकी, सपाट, तिळाएवढं पिवळं तोंड, तांब्याच्या चकतीवर बसवलेली. "दिसते गरीब, पण पक्की तिखट आहे," वहिनी म्हणाली. "तुझ्या बहिणीसारखी." झोतवाल्याने ऐकलंच नाही असं दाखवलं.

यातली कुठली घ्यायची ते डोळ्यांनी ठरत नाही. त्यासाठी मोजावं लागतं, आणि मोजायला लांब आणि अंधारी जागा लागते. ती त्यांच्याकडे होती. गावाबाहेर एक बंद पडलेला दोरखंडाचा कारखाना होता. दोर वळायला सरळ लांबी लागते, म्हणून ती शेड रुंदीला एखाद्या खोलीएवढी आणि लांबीला म्हणाल तर बघत राहावं अशी. मधून लाकडी खांबांच्या दोन ओळी. खिडक्यांना डांबर फासलेलं, त्यामुळे भर दुपारी दार लावलं की आत मिट्ट काळोख. काथ्याचा आणि डांबराचा वास इतक्या वर्षांनीही गेलेला नव्हता. शेवटच्या भिंतीला यांनी स्वतः चुना लावला होता.

पद्धत ठरलेली. दाराजवळ हा टॉर्च धरून उभा. वहिनी हातात उजेड मोजायचा मीटर घेऊन खांबांच्या मधून चालत भिंतीपर्यंत जायची आणि तिथून आकडा ओरडून सांगायची. टॉर्चच्या लेन्समधून भिंतीवर एलईडीच्या तोंडाचा उजेडी चौकोन उमटलेला असायचा. त्याच्या मधोमध मीटर धरायचा. आकडा मिळाला की अंतराचा हिशोब घालायचा, म्हणजे एलईडीचा खरा जोर कळतो. दोघांनी हे इतक्यांदा केलं होतं की झोपेतही जमलं असतं.

त्या दुपारी थोरली लावली. वहिनी गेली, चौकोनात उभी राहिली, आकडा ओरडली.

"किती?" त्याने पुन्हा विचारलं.

तिने पुन्हा सांगितला. हा आकडा कमी होता. थोडाथोडका नाही, भिंत आहे तिथून चांगली लांब सरकली असती तर यावा, इतका कमी.

"मीटरचे सेल उतरले असतील," तो म्हणाला. सेल नवे घातले. आकडा तोच.

मग त्याने दार सताड उघडलं, हातात टेप घेतला, आणि दोघांनी वाकून वाकून शेडची लांबी मोजली. पाठीचं पार खोबरं झालं. लांबी होती तेवढीच होती.

"एलईडीच खराब आलीय," तो म्हणाला. वहिनीने चपला झटकल्या आणि घोटे चोळत बाहेर दगडावर बसली.

३

दुसऱ्या दिवशी मधली.

आता या धंद्यातली माणसं कशी विचार करतात ते सांगतो. आकडा कमी आला ना, मग आणखी लहान तोंडाची, आणखी दाट एलईडी लावा. तरी कमी आला, तर करंट वाढवा. अंधारातच काही खोट असेल, असं कुणाच्या डोक्यात येत नाही. उजेडच कमी पडला, एवढंच त्यांना कळतं. झोतवालाही याच जातकुळीचा.

मधली पेटली आणि झोत सळसळत गेला. हवेतली धूळसुद्धा त्यात ठळक दिसत होती. वहिनी निघाली. एकेक खांब तिच्या दोन्ही बाजूंनी मागे पडत होता. तो बघत होता आणि त्याच्या मनात आलं, अरे, एवढे खांब आहेत इथे? मग स्वतःवरच हसला. उजेड जास्त, म्हणून खांब जास्त दिसतात, एवढं साधं.

ती भिंतीशी पोचली. तोंड उघडताना दिसली. आवाज नाही. आणि मग, तिने तोंड मिटून मीटर खाली घेतल्यावर, आवाज आला. पलीकडच्या डोंगरावरून कुणी बोलावं तसा.

आकडा कालच्यापेक्षाही कमी.

ती परत आली तेव्हा धापा टाकत होती. बाटलीभर पाणी एका दमात प्यायली.

"आज लांब वाटलं रे," ती म्हणाली.

"उन्हामुळे."

"आत कुठलं ऊन? शहाणाच आहेस."

पत्रा तापतो, तापलेल्या हवेत आवाज वाकडातिकडा होतो, असं काहीतरी त्याने मनाशी जुळवलं. जुळवलेलं नीट बसत नव्हतं, पण दुसरं काही हाताशी नव्हतं. घरी जाताना दोघं रस्त्याच्या दोन कडांनी चालत होते. पिल्लूने दार उघडल्याउघडल्या विचारलं, "भांडलात का?" तेव्हा दोघं एकदमच "नाही गं" म्हणाले.

४

तिसऱ्या दिवशी करंट वाढवून त्याने मधली पुन्हा लावून बघितली. टॉर्चचं अंग हाताला चटके देऊ लागलं, म्हणून फडकं गुंडाळून धरला.

वहिनी चालत होती. पाठमोरी, एक हात मीटरवर, दुसऱ्या हाताने ओढणी सावरत. अर्ध्या वाटेवरसुद्धा पोचली नसेल.

तेवढ्यात पलीकडून आकडा आला.

स्पष्ट, खणखणीत, वहिनीच्या आवाजात. आणि आकडाही कसा, तर अगदी त्याला हवा होता तो. मनात धरून बसला होता, तोच.

वहिनी अजून चालतच होती.

झोतवाल्याला हाक मारायचंही सुचलं नाही. ती सावकाश भिंतीपर्यंत गेली, वळली, मीटर धरला आणि आकडा सांगितला. मरतुकडा, नेहमीसारखा कमी. परत येऊन समोर उभी राहिली तेव्हा त्याने विचारलं, "तू वाटेत काही बोललीस?"

"कुणाशी बोलू? खांबांशी?"

"आकडा सांगितलास. चालता चालता."

"चालता चालता मीटरवर काय दिसणार होतं मला, तुझं कपाळ?" पण मग तिने त्याचा चेहरा पाहिला आणि तिचं हसू मावळलं. हळूच म्हणाली, "मला वाटलं तू काहीतरी बोललास. पुढून आवाज आला, म्हणून म्हटलं घुमला असेल."

"घुमलाच असेल," तो म्हणाला.

कुणी बोललाच नाही तो आकडा घुमत नसतो, हे त्याला ठाऊक होतं. तिलाही. पण भर दुपारी, रस्त्यावरून सायकली जात असताना, दोन मोठ्या माणसांनी भुताखेताच्या गोष्टी कशा करायच्या? लाज वाटली दोघांना. खरं सांगायचं तर सगळा घात त्या लाजेनेच केला.

५

पथकप्रमुख पुन्हा आला तो पावलं ओढत. "वाऱ्याचे दिवस आलेत," तो म्हणाला. "काल एक होडी उलटली. वाचले, काठ जवळ होता म्हणून. पण रोज काठ जवळ असणार का, वहिनी?"

तो गेल्यावर झोतवाला धाकटीकडे बघत बसला. चिमट्यात धरलेली, जेमतेम दिसणारी.

"जागा बदलू," तो म्हणाला. "दुसरीकडे मोजू."

"कुठे? एवढी सरळ, अंधारी जागा आहे कुठे? रस्त्यावर मोजलंस तर गाड्यांवर झोत पडून दोनचार माणसं मारशील."

"मग मी जातो भिंतीकडे. तू टॉर्च धर."

"चष्मा लावूनही तुला स्वतःच्या हातातलं घड्याळ वाचता येत नाही, मीटर वाचतोस! आणि माझ्या हातून लेन्स जुळत नाही, तुला माहितीय." तिने सोल्डरिंग आयर्न जागेवर ठेवलं. "एकदाच. धाकटी लावू, आकडा घेऊ, टॉर्च देऊन टाकू. परत त्या शेडचं तोंड बघायचं नाही."

तिला भीती वाटत होती. त्यालाही. पण तलावातल्या माणसाच्या हाका दोघांच्याही डोक्यात बसल्या होत्या. "नको जाऊस" एवढे दोन शब्द त्याच्या जिभेवर आले होते, आणि ते त्याने गिळले. मोजमापाचा माणूस मी, आवाजाला भिऊन घरी बसू? असलं काहीतरी त्याच्या डोक्यात होतं. गाढवपणा, दुसरं काय.

६

धाकटी पेटली तेव्हा आवाज झाला नाही, पण झाल्यासारखं वाटलं. झोत कसला, पांढरी काठीच ती. हात लावला तर लागेल अशी. खांब दोन्हीकडून उजळत गेले, उजळत गेले, आणि उजळतच गेले.

"सावकाश जा," तो म्हणाला.

"पळत कोण जातंय?" ती म्हणाली आणि निघाली.

तो बघत राहिला. ती लहान झाली. बोटाएवढी झाली. तरी तिच्या पुढे खांब होते. चुना लावलेली भिंत कुठेच नव्हती. त्याने लेन्स मागेपुढे करून बघितली, डोळे चोळले. झोत जात होता तिथपर्यंत नुसते खांब, दोन ओळींत.

मग आकडा आला. तिचा आवाज. यावेळी अगदी जवळून आल्यासारखा.

दूरवर वहिनी जागीच थांबली. तिनेही ऐकलं होतं. आणि तिच्या पलीकडे, झोत जिथे विरायला लागला होता तिथे, कुणीतरी उभं होतं. तिच्याच उंचीचं. तोंड इकडे. हातात काहीतरी चौकोनी धरलेलं, जसा मीटर धरतात तसं. चेहरा दिसला नाही. दिसला असता तर बरं झालं असतं की वाईट, हे तो आजतागायत ठरवू शकलेला नाही.

"परत ये!" तो जिवाच्या आकांताने ओरडला. "अगं, परत ये!"

ती वळली. चालायला लागली, मग पळायला लागली. तिचे हात हलताना दिसत होते, ओढणी उडत होती. पण ती मोठी होईना. एक खांब मागे टाकायची, तिच्या पुढे दुसरा असायचाच. इथे टॉर्चचं अंग निखाऱ्यासारखं तापलं होतं, फडक्याला करपल्याचा वास येत होता, पण उजेड तिच्यावरून हलवायची त्याची छाती होईना. उजेडात आहे तोवर ती दिसते तरी आहे.

आणि मग त्याच्या लक्षात आलं. थोरली लावली तेव्हा भिंत जराशी लांब गेली. मधली लावली तेव्हा आणखी लांब. धाकटीने भिंतच ठेवली नाही. ती चालत होती ती वाट त्याच्या हातातूनच निघत होती. झोत जेवढा लांब, तेवढं तिला चालायचं होतं.

टॉर्च बंद केला तर ती येईल. पण अंधारात येईल, आणि ती एकटी नव्हती तिथे.

त्याचा अंगठा बटणावर होता. तिकडे ती पळता पळता अडखळून पडली, आणि ते बघवेना म्हणून त्याने बटण दाबलं.

काळोख. क्षणभर काहीच नाही. मग चपलांचा आवाज, भराभर, जवळ, आणखी जवळ. कुणीतरी येऊन त्याच्यावर आदळलं. हातात हात आला. घामेजलेला, गरम.

"चल," वहिनीचा आवाज म्हणाला. "आधी बाहेर चल."

७

दार ढकलून दोघं उन्हात आली. त्याने तिचे खांदे धरून तिला नीट बघितलं. ओठावर घामाचे थेंब. गुडघ्यावर माती, पडली होती ना. तर्जनीवर सकाळीच सोल्डरिंग करताना बसलेला चटका. सगळं जागच्या जागी. तो चक्क रडला. "जीव गेला होता माझा," तो म्हणाला. "तुला काही झालं असतं तर मी काय केलं असतं गं?"

"काही झालं नाही ना? मग?" तिने त्याचे डोळे पुसले. "कुलूप लाव."

तो दार ओढून घेत होता, तेवढ्यात आतून, फार लांबून, हाक आली.

"अरे, टॉर्च का बंद केलास? मला काही दिसत नाहीये रे!"

त्याचा हात दारावरच राहिला. "हा तुझा आवाज आहे."

"असेल," वहिनी म्हणाली. "मघाशीही होता ना? मी तिथे चालत होते आणि आवाज पुढून येत होता. तूच ऐकलंस." ती शांतपणे बोलत होती. समजुतीचं बोलत होती. "आता कोणाचं खरं धरणार आहेस? तुझ्यासमोर उभी आहे मी."

खरंच होतं ते. हिशोबाने बघितलं तर काहीच चुकत नव्हतं. आतून पुन्हा हाक आली. यावेळी तिच्यात रडू होतं. त्याने दात आवळले, कडी घातली आणि कुलूप दाबून बंद केलं. वहिनीने किल्ली काढून घेतली आणि ती फाटकाकडे चालू लागली.

तो दोनच पावलं गेला असेल. आत चपला वाजल्या. कुणीतरी पळत दारापर्यंत आलं. त्याला दाराच्या पलीकडे, लाकडाला टेकून चाललेली धाप ऐकू येत होती. दार कुणी वाजवलं नाही. ओरडलंही नाही.

"ऐक," पलीकडून अगदी हळू आवाज आला, भरलेल्या घरात नवऱ्याशी बोलताना बायको काढते तसला. "मला नको काढूस हवं तर. पण तिला घरी नेऊ नकोस."

तो वळला. वहिनी फाटकाशी थांबली होती, डोळ्यांवर हाताची सावली धरून त्याच्याकडे बघत.

"किल्ली दे जरा," तो म्हणाला. आवाज साधा ठेवायला त्याला फार कष्ट पडले.

"घरी गेल्यावर देते," ती म्हणाली. "चल लवकर. पिल्लू शाळेतून आली असेल, एकटीच आहे."